नाव बेबाबाईचं

पंडितभाऊ फिरला आहे, हे लिलाला तो चपला काढत असतानाच कळलं.

एरवी तो आल्या आल्या तिच्याकडे बघून "जयभीम, अध्यक्षीणबाई," म्हणायचा आणि हसायचा. आज त्याने सगळ्यांना मिळून एकच जयभीम घातला, आबांशेजारी सतरंजीवर बसला आणि रुमालाने मान पुसत राहिला. मागच्याच आठवड्यात हाच थोरला भाऊ साक्रीची शाळा अर्धा दिवस सोडून धुळ्याला तिच्या ऑफिसात आला होता. "तू अर्ज दे लिला," म्हणाला होता. "सख्खा भाऊ झाला म्हणून काय झालं? मी आहे तुझ्यासोबत."

भटूच्या क्वार्टरची पुढची खोली लहान. कॉट उभी करून भिंतीला लावली होती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचे वडील, आबा, बसले होते, दाराशी धाकटा भाऊ भटू. वैशाखातलं भुसावळ; पंखा गरम हवाच फिरवत होता. बाहेर कडुनिंबाखाली लिलाच्या महिला संघटनेच्या चार बायका भाकरीची फडकी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहाटेच्या एस.टी.ने त्या लिलासोबत धुळ्याहून आल्या होत्या. घरच्यांनी ऐकलं नाही तर क्वार्टरसमोर बसायचं आणि सोमवारी डिव्हिजन ऑफिसात अर्ज द्यायचा, असं ठरलं होतं.

अर्जात एवढंच होतं की भटू सुकदेव अहिरे, लोको शेडमधला फिटर, याने पहिली बायको हयात असताना दुसरी बाई घरात ठेवली आहे. रेल्वेत एवढ्यावर नोकरी जाते. आत स्वयंपाकघरात त्या दोघीही होत्या. बेबाबाई, जिने मनमाडच्या क्वार्टरमध्ये बारा वर्षं भटूचा संसार केला. आणि कमल, जिला सातवा महिना होता.

आणि कमल लिलाचीच होती. चोपड्याकडच्या नवऱ्याने मारून हाकलल्यावर ती संघटनेत आली. ऑफिसच्या दोन खोल्यांत तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून लिलाने तिला पिंपळनेरजवळच्या आपल्या गावी, आबा-मायकडे ठेवलं. त्याच दिवसांत आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांचं करायला भटूने बेबाबाईला गावी आणून सोडलं आणि दर सुट्टीला तो येत राहिला. मग त्याची भुसावळला बदली झाली. पुष्पा, त्याची आणि बेबाबाईची मुलगी, आजारी असायची. तिला रेल्वेच्या दवाखान्याजवळ ठेवायला हवं, आणि तिला रांधून घालायला कुणी तरी हवं, म्हणून तो पुष्पाला आणि कमलला घेऊन गेला. बेबाबाई सासऱ्याच्या डोळ्यांत थेंब घालत गावीच राहिली. तिला न्यायला कुणी आलं नाही.

"बाहेरच्या बायांना आत बोलाव," आबा म्हणाले. "उन्हात कशाला बसवल्या?"

"त्यांना तिथंच बसायचंय, आबा."

"म्हणजे आपल्याच दारात मोर्चा."

"दुसऱ्यांच्या दारात न्यायला तुम्हीच शिकवलंय."

पंडित खाकरला. "लिला, मी जरा शांतपणे विचार केला. आमच्या पोरीचं ठरतंय. चाळीसगावची माणसं आहेत, शिकलेली. उद्या काका सस्पेंड झाला, कोर्टात उभा राहिला, हे त्यांच्या कानावर गेलं तर..."

"मागच्या आठवड्यात हे तुझ्या ध्यानात नव्हतं?"

"मागच्या आठवड्यात पाहुणे येऊन गेले नव्हते."

तो ते अगदी सरळ बोलला. खोटं बोलला असता तर लिलाला भांडता आलं असतं.

"अक्का, मी चुकलो," दाराशी बसलेला भटू म्हणाला. तो वर बघत नव्हता. "मला कुणी शहाणा समजू नका. पण पुष्पाचा नंबर लागलाय."

"कसला नंबर?"

"मुंबईला. रेल्वेच्या मोठ्या दवाखान्यात. इथले डॉक्टर म्हणाले, झडप बदलल्याशिवाय पोरगी वर्षभर काढणार नाही. पुढच्या महिन्यात बोलावलंय."

सातव्या वर्षी पुष्पाला सांधेताप आला आणि तो तिच्या हृदयात जाऊन बसला, हे लिलाला माहीत होतं. दर महिन्याची इंजेक्शनं माहीत होती. हे माहीत नव्हतं.

"उद्या तू अर्ज दे," भटू म्हणाला. "चौकशी होईल, नोकरी जाईल. मला सजा झाली तरी मी भोगीन. पण मग पोरीला कुठे नेऊ ते सांग. तुझी संघटना ऑपरेशन करते का?"

"पोरीला पुढे करून स्वतः मागे लपू नकोस."

"लपत नाही अक्का. आहे ते सांगतोय."

*

स्वयंपाकघरात मायला, द्रौपदाबाईंना, सगळं ऐकू येत होतं. मधे नुसता पडदा होता.

कमल वाकून पीठ मळत होती. बेबाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिची नजर मांडणीवर होती. तिच्या लग्नात माहेरून आलेला पितळी डबा, दोन तांबे, परात, सगळं तिथं ओळीने मांडलं होतं. सगळ्यावर बारीक अक्षरांत तिचं नाव कोरलेलं. भांडी मनमाडहून सामानासोबत आली होती. बेबाबाई तेवढी आली नव्हती.

"सरक, मी मळस," द्रौपदाबाई कमलला म्हणाल्या. "पोटुशी बाईनी इतलं वाकू नही."

बोलून गेल्यावर त्यांनी बेबाबाईकडे पाहिलं. बेबाबाईने मान वळवली.

द्रौपदाबाईंना कुणाचीच बाजू घेता येत नव्हती, आणि सगळ्यांना वाटत होतं की त्या लेकाच्या बाजूने आहेत. एका अर्थी होत्याही. त्यांचा नवरा भर चावडीवर सांगून आला होता की आजपासून गावातली मेली ढोरं आम्ही ओढणार नाही. तेव्हा त्या नवऱ्याचं नाव तालुक्यात झालं, सभेत हार पडले. गावाने विहीर बंद केली. त्या उन्हाळ्यात त्यांनी नदीच्या झिऱ्याचं पाणी डोक्यावर वाहिलं, आणि पहिली तान्ही पोर तापात गेली. ती पोर लिलाच्या आधीची. तिचं नाव या घरात कुणी घेत नाही. भटू रेल्वेत लागला तेव्हा त्या मनाशी म्हणाल्या होत्या, आता आपल्या घरातल्या कुठल्या पोराला औषधावाचून मरावं लागणार नाही. आणि आता ती नोकरी त्यांच्याच लेकीच्या पिशवीत, एका कागदावर होती.

"बेबा," त्या हळू म्हणाल्या, "तू काही बोलत कसी नही? बठ्ठा जन तुनाच करता बोली ऱ्हायनात."

"मनाकरता?" बेबाबाई म्हणाली. "माले तं कोनी इचारं नही, बाई."

*

मागच्या दाराची कडी वाजली.

"बेबाताई! अहो बेबाताई!"

बेबाबाईच्या अंगात बाराएक वर्षांची सवय होती. "हां," म्हणून ती उठली. तिच्यासोबतच कमलही उठली. पिठाचे हात तसेच ठेवून, पोट सावरत, कमल पुढे गेली आणि तिने दार अर्धंच उघडलं.

शेजारची बाई होती. हातात वाटी. "बेबाताई, थोडं विरजण द्या ना. पाहुणे आलेत वाटतं?" तिने आत डोकावून बेबाबाईकडे बघितलं. "ह्या कोण?"

"गावाकडच्या मावशी," कमल म्हणाली. तिने विरजण दिलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

बेबाबाई तिच्याकडे बघत होती. आधी तिला नीट उमगलंच नाही. मग हळूहळू उमगत गेलं. सासूला विचारायची गरज पडली नाही. पडदा सारून ती सरळ पुढच्या खोलीत गेली. ज्या खोलीत सासरे आणि थोरले दीर बसलेत तिथं ती आजवर कधी उभी राहिली नव्हती.

"तिले मना नावनी हाक मारतस," ती भटूला म्हणाली. "आठे बेबा ती शे. मंग मी कोन शे?"

भटूने दोन्ही हातांनी डोकं धरलं. लिला कोपऱ्यातून उठली.

"काय केलंस तू?"

"रेल्वेच्या सगळ्या कागदांवर बायको म्हणून बेबाचं नाव आहे," तो सतरंजीकडे बघत म्हणाला. "क्वार्टर, पास, दवाखान्याचं कार्ड. बदली होऊन आलो तेव्हा इथं हिला कुणी बघितलं नव्हतं. साहेबाने विचारलं, बायको कुठंय? कमल शेजारी उभी होती. मी हो म्हणालो. मग तेच चालू राहिलं. मुंबईला पोरीसोबत आईने राहायचं आहे. पास बेबाबाईच्या नावाचा निघालाय. कमल जाणार आहे."

"ही खुद्द इथं उभी असताना?"

"हिला नेलं तर मुंबईला पण बेबा आणि इथं कॉलनीत पण बेबा. एकच बाई दोन ठिकाणी कशी असणार? शेडमध्ये माझ्यावर टपून बसलेली चार माणसं आहेत. त्यांना एवढंच पुरेल. म्हणून... म्हणून बेबाने भुसावळला यायचं नाही. आजही नको होतं यायला. अक्का, तूच आणलीस."

पंडितने बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

*

"आबा, आता तरी बोला," लिला म्हणाली.

आबांना तिचा चेहरा धूसर दिसत होता. ऑपरेशन झालं तरी उजवा डोळा पूर्ण आला नव्हता. पण आवाज त्यांना ओळखीचा होता. त्यांचाच होता तो, तीस वर्षांपूर्वीचा. ही पोर त्यांनी खांद्यावर बसवून मोर्चात नेली होती. गायरानाच्या जमिनीसाठी धुळ्याच्या कलेक्टर कचेरीसमोर ते बसले तेव्हा ती त्यांच्या शेजारी पाटीवर अभ्यास करायची.

"तुम्हीच सांगितलंत आम्हाला," ती म्हणत होती, "की अन्याय सहन करणारा आपल्यासोबत दुसऱ्यालाही त्यात ढकलतो. ह्याने एका बाईचं घर घेतलं, मूल घेतलं, आता नावसुद्धा. गावातल्या पाटलाने हे केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"पाटलानी करं असतं तं मी त्याना दारमा बसतू," आबा म्हणाले.

"मग?"

"तो मना आंडोर शे ना, लिला."

त्यांना वाटलं होतं की लेकाची बाजू घेताना लाज वाटेल. वाटली नाही. नुसता थकवा होता. ज्यांच्यासाठी बसले त्यांतले निम्मे गायरान मिळाल्यावर परत भेटले नाहीत, उरलेले मेले. एक पोर नोकरीला लागलं, एक मास्तर झालं, एक लेक पुढारी झाली. तेवढंच हातात राहिलं. त्यातलं एक आता त्यांनीच फोडायचं.

"मी थकी गऊ बाई," ते म्हणाले. "मनामा ताकद नही आते. अर्ज नको दिऊ. नात मरी जाई."

"आणि सून?"

आबांनी उजवा डोळा रुमालाने टिपला.

"मी सांगस," पडद्याजवळून आवाज आला. द्रौपदाबाई दारात उभ्या होत्या. त्या पुरुषांच्या बोलण्यात पडत नसत. पंडित चकित होऊन बघत राहिला. "नोकरी ऱ्हाऊ द्या. अर्ज नको. पन पोर तिनी मायजवळ ऱ्हाऊ द्या. मुंबईले बेबाच जाई. पोरनी छाती फाडतीन तवय मायच जवळ पाहिजे. मना हातमाथीन गयी पोर, माले ठावं शे."

"माय, ते होण्यासारखं नाही. सांगितलं ना आत्ता भटूने," पंडित म्हणाला.

"तुमनं काय व्हनासारखं शे ते तरी सांगा!"

पण पंडितने समजूत घालायला सुरुवात केली होती. तो मास्तर, समजूत घालणं त्याला येत होतं. दर महिन्याला काही रक्कम गावी जाईल, बेबा आबा-मायजवळ मानाने राहील, ऑपरेशन झाल्यावर सहा महिन्यांनी पोरीला सुट्टीत पाठवू. भटू प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. द्रौपदाबाई तशाच उभ्या राहिल्या, मग कुणी आपल्याकडे बघत नाही असं पाहून आत गेल्या.

लिला ऐकत होती. अशा बैठका तिने साक्रीत, नवापुरात, शिरपुरात शेकड्यांनी मोडल्या होत्या. बाईला अशा वेळी हाताला धरून उठवायचं आणि म्हणायचं, चल, उठ, आपण कोर्टात बोलू. तिने बेबाबाईचा हात धरला.

"चल. जरा मागे चल."

*

मागच्या अंगणात नळ होता आणि धुण्याचा दगड. पुष्पा दगडावर सावलीत बसली होती. अकराव्या वर्षीही ती आठ वर्षांची वाटे. ओठांना निळसर झाक. आईला बघून ती उठायला गेली आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली. बेबाबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिची पाठ चोळू लागली.

"ऐक," लिला म्हणाली. "मी मुंबईला माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना लिहिते. सरकारी दवाखान्यात होईल हे ऑपरेशन. वर्गणी काढू. पुष्पाला आणि तुला मी धुळ्याला..."

"कवय व्हई, अक्का?"

"काय?"

"ऑपरेशन. सरकारीमा. कवय नंबर लागी?"

लिला खोटं बोलू शकली असती. "वर्ष लागेल," ती म्हणाली. "कदाचित जास्त."

बेबाबाईने मान हलवली. ती पाठ चोळत राहिली.

दारात कमल येऊन उभी होती. ती पुढे यायला धजत नव्हती. "ताई," ती लिलाला म्हणाली, "तुम्ही मला पण एकदा असंच हाताला धरून बाहेर काढलं होतं. मी तेव्हा तुमचं ऐकलं. आज तुम्ही सांगाल तर मी जाईन इथून. पण कुठे जाऊ ते सांगा. आई-बाप घेत नाहीत. पोटात हे. ऑफिसात ठेवाल?"

ऑफिसचे घरमालक दोन महिन्यांपासून खोल्या खाली करा म्हणत होते. कमलचा राग यावा म्हणून लिला धडपडली. मग तिला आठवलं की चोपड्याहून आली तेव्हा कमलच्या हनुवटीला टाके होते, आणि ते तिनेच सिव्हिलमध्ये नेऊन काढवले होते.

"मी काही चोरायला आले नव्हते," कमल म्हणाली. "ते न्यायला आले, आणि मी गेले. मला कुणी न्यायला येत नव्हतं, ताई."

"गप ऱ्हाय," बेबाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. "पोरले सोनामोनानी गत ठेव. बाकी माले काही ऐकनं नही."

मग ती लिलाकडे वळली. "अक्का, अर्ज फाडी टाका."

"बेबा, तू घाबरून बोलतेस."

"नही. तुमीच शिकाडं ना माले, बाईनी सोताना निर्णय सोता लेवाना? मी ली ऱ्हायनू. मना नावथीन पोर वाचस ना? वाचू द्या. नाव काय करू मी एखलं लिसन?"

लिलाला हे वाक्य कुठून आलंय ते माहीत होतं. दर शनिवारच्या बैठकीत ती ते म्हणायची. त्याचा हा अर्थ होऊ शकतो असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

पुष्पा एवढा वेळ दोघींकडे बघत होती. ती आता आईच्या कानाशी बोलली, पण धापेमुळे तिला हळू बोलता येत नव्हतं.

"आई, मुंबईला डॉक्टर विचारतील, तुझी आई कोण. मी नाव तुझंच सांगू ना?"

"हां. नाव मनंच सांग. बेबाबाई."

"आणि आई कुठंय म्हणाले तर?"

बेबाबाईने तिचे विस्कटलेले केस कानामागे सारले.

"तं मंग कमलकडे बोट दाखाड," ती म्हणाली.

कमल दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. बेबाबाई उठली, नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि आत जाऊन सगळ्यांसमोर उभी राहिली. "मनी काही तक्रार नही," ती म्हणाली. "मी परत भुसावळले येवाव नही." आबांनी मान फिरवली. भटू रडायला लागला. पंडित "शहाणी आहे," असं काही तरी पुटपुटला. कुणी तिला बस म्हणालं नाही.

लिलाने पिशवीतून अर्ज काढला. तिला वाटलं होतं की कुणी तरी, निदान मायने तरी, नको म्हणावं. कुणी म्हणालं नाही. तिने तो फाडला आणि तुकडे परत पिशवीत टाकले.

*

कडुनिंबाखालच्या बायांनी लिलाचा चेहरा पाहून काहीच विचारलं नाही. भाकरीची फडकी तशीच बांधून त्या उठल्या आणि स्टँडपर्यंत मागून चालत आल्या.

लिला बेबाबाईला म्हणाली, "गावी जाऊ नकोस. माझ्याकडे धुळ्याला चल. काम बघू. शिवण शिकशील. मी आहे ना."

पारोळ्यावरून धुळ्याला जाणारी गाडी लागली होती. साक्रीला सरळ जाणारी दुसरी उशिरा होती. बेबाबाई दुसऱ्या गाडीच्या फलाटावरच थांबली.

"नही, अक्का," ती म्हणाली. "तुम्हवर मना राग नही. तुमी मनासाठे खूप कयं. पन तुमना घर आनि मना घर एकच शे ना. मी तठे रोज तुमले पाही, तुमी माले पाहशात. मनाकडथीन ते व्हवाव नही."

"मग गावी तरी आबांजवळ..."

"तठेबी नही. मी मना भाऊकडे जासू. तठे वावरमा काम शे." ती लिलाच्या पायाला हात लावायला वाकली. लिलाने तिला धरलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग कंडक्टरने घंटी मारली आणि लिलाला चढावं लागलं.

गाडी निघाली तेव्हा बेबाबाई फलाटाच्या कडेला उभी होती, हातात काहीच नव्हतं. येताना तिने पुष्पासाठी सुकवलेल्या बोरांची पिशवी आणली होती, ती क्वार्टरमध्येच राहिली.

लिला खिडकीशी बसली. शेजारी त्या चौघींतली तानुबाई होती. नवऱ्याने तिच्या उजव्या हातावर उकळतं तेल ओतलं होतं. बोटं अजून सरळ होत नव्हती. तिची केस धुळ्याच्या कोर्टात साक्षीला लागली होती. दोन वर्षं ती साक्षीच्या दिवसाची वाट पाहत होती. परवापर्यंत ती लिलासोबत उलटतपासणीची उत्तरं घोकत होती.

जळगाव गेलं. पुढे रस्ता उघडा, दोन्ही बाजूंनी रिकामी वावरं. बायांतल्या एकीने भाकरी सोडली; कुणी घेतली नाही.

"ताई," तानुबाई म्हणाली.

"काय गं?"

"मना नवरानी निरोप धाडा व्हता. समेट करी टाक, परत ये, म्हने. मी तुमले सांगं नही." ती वाकड्या बोटांनी पदराचा काठ ओढत होती. "तुमना घरमा बठ्ठा शिकेल. तुमना आबा. तुमी सोता. आनि तठेबी बेबाबाईलेच जावं लागनं. मंग मी जाऊ का परत?"

लिलाला तिच्याकडे वळून "नको" म्हणायचं होतं. एक साधा शब्द होता. हजार वेळा म्हटलेला, ऑफिसात, कोर्टाच्या पायरीवर, चावडीवर, माणसांच्या तोंडावर. तो म्हणायला तिने श्वास घेतला.

पारोळ्याचा स्टँड आला, काही माणसं उतरली, काही चढली, कंडक्टरने दार ओढलं. तानुबाई अजून तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने हळूच नजर वळवली, हात पदराखाली घेतला, आणि कंडक्टरला विचारलं की नवऱ्याच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबते का.